चर्चमधील ध्वनी, पडदा आणि दिवे : बिघडत चाललेली यंत्रणा कशी हाताळावी

चर्चमधील ध्वनियंत्रणेचे आयुष्य इतर सभागृहांपेक्षा थोडे निराळे असते. आठवड्यातले पाच-सहा दिवस ती बंद वास्तूत, धुळीत आणि दमट हवेत पडून असते, रविवारी सकाळी ती एकदम पूर्ण क्षमतेने चालवली जाते, आणि चालवणारे हात बहुधा स्वयंसेवकांचे असतात. मिक्सर (सर्व माईकांचा आवाज एकत्र करून त्यावर नियंत्रण ठेवणारा फलक) एका दशकातला, स्पीकर त्याच्या आधीच्या पिढीतले, प्रोजेक्टर कुणीतरी देणगी म्हणून दिलेला आणि दिवे वेदीच्या नूतनीकरणात बसवलेले, अशी ही मिश्र यंत्रणा असते. तिच्यातला बिघाड सहसा एका क्षणात होत नाही. खरखर, लुकलुक आणि अधूनमधून गायब होणारे चित्र यांच्या रूपाने तो महिनोन्‌महिने चाहूल देत राहतो. मग मोठ्या सणाच्या तोंडावर तो पुरता उघडा पडतो आणि पंच मंडळापुढे नवा मिक्सर घेण्याचा प्रस्ताव येतो.

या प्रस्तावाचा रोख बहुतेक वेळा चुकीच्या वस्तूवर असतो. बिघाड महागड्या पेटीत कमी आणि दोन पेट्यांना जोडणाऱ्या गोष्टींत जास्त असतो : केबल, जॅक, सॉकेट, बॅटरी, वीजपुरवठा आणि कुणाच्या तरी हातून बदललेली सेटिंग. त्यामुळे नेमका दोष सापडल्याशिवाय काहीही विकत घ्यायचे नाही, हा नियम आधी ठरवावा आणि पुढील पायऱ्या त्याच क्रमाने घ्याव्यात.

पहिली पायरी : उपासना चालू असताना दुरुस्ती करू नये

उपासनेच्या मध्यात माईक बंद पडला, तर त्या क्षणी कारण शोधायचे नसते, पर्यायी मार्गावर जायचे असते. कारण शोधण्याच्या नादात मिक्सरवरची बटणे एकामागून एक दाबली जातात आणि मूळ एका दोषावर आणखी चार दोष चढतात. म्हणून प्रत्येक यंत्रणेचा पर्याय आधीच तयार असावा. व्यासपीठावर वायरलेस माईक वापरत असाल, तर त्याच्याजवळ एक साधा वायरचा माईक जोडून, तपासून आणि त्याचा चॅनेल बंद ठेवून तयार ठेवावा. मिक्सरच बंद पडला तर ज्यात माईक थेट लावता येतो, असा ॲम्प्लिफायर अंगभूत असलेला एक लहान स्पीकर हाताशी असावा. पडद्यावर गीतांचे शब्द दाखवत असाल, तर छापील गीतपुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता बाकांवर असावीत. दिव्यांपैकी किमान एक ओळ भिंतीवरच्या साध्या स्विचवर चालणारी असावी, म्हणजे नियंत्रण फलक रुसला तरी वेदी आणि बाहेर जाण्याचे मार्ग अंधारात जाणार नाहीत.

पर्यायावर कधी जायचे हेही पाळकांशी आधी बोलून ठरवावे. एक मिनिटात आवाज परत आला नाही तर ठरलेली खूण करायची आणि पाळकांनी माईक सोडून पुढे येऊन बोलायचे, एवढे ठरले तरी गोंधळ टळतो. जुन्या चर्चच्या वास्तू वीज येण्याच्या आधी बांधलेल्या आहेत; सावकाश आणि स्पष्ट बोलल्यास तेथे आवाज पोहोचतो, फक्त मागच्या बाकांवरच्या लोकांना पुढे बोलवावे लागते.

याला काही अपवाद आहेत आणि ते गंभीर आहेत. जळका वास, धूर, गरम झालेले प्लग किंवा माईकला ओठ अथवा हात लागताच झिणझिण्या येणे, यांपैकी काहीही आढळल्यास पर्यायाचा विचार न करता मुख्य स्विच बंद करावा. गिटार वाजवणाऱ्याला माईकचा झटका बसतो, याचा अर्थ दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये दोष आहे आणि त्याचे शरीर त्या दोघांमधली वायर बनले आहे. हा दोष हात लावून तपासायचा नसून परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडून मोजून घ्यायचा असतो. जेथे पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला जातो, तेथे कुंडात उभ्या असलेल्या व्यक्तीच्या हाताच्या अंतरावर वायरचा माईक अजिबात ठेवू नये. अमेरिकेतील टेक्सास राज्यात वेको येथे ऑक्टोबर २००५ मध्ये बाप्तिस्म्याच्या कुंडात उभ्या असलेल्या पाळकांनी माईककडे हात नेला आणि विजेच्या धक्क्याने त्यांचा मृत्यू झाला. पाणी तापवण्याचा हीटर, माईक आणि दिवे यांचे अर्थिंग अशा ठिकाणी नियमितपणे तपासले गेलेच पाहिजे.

दुसरी पायरी : लक्षण लिहून ठेवावे

उपासना संपल्यावर कशालाही हात लावण्याआधी काय घडले ते वहीत लिहावे. "माईक चालत नव्हता" ही नोंद निरुपयोगी आहे. "डाव्या बाजूचा वायरलेस माईक, सुरू केल्यापासून साधारण अर्ध्या तासाने, वक्ता वेदीच्या मागे गेला की तुटत होता, मिक्सरवरचा मीटर त्या वेळी शून्यावर जात होता" या नोंदीत निम्मे निदान आलेले असते. बिघाड कोणत्या वेळी होतो याला विशेष महत्त्व आहे. यंत्र सुरू करताच होणारा आणि तापल्यावर जाणारा दोष बहुधा दमटपणामुळे किंवा वाळत चाललेल्या कपॅसिटरमुळे (विजेचा भार साठवणाऱ्या भागामुळे) असतो. उलट यंत्र तापल्यावर सुरू होणारा दोष बंद पडलेला पंखा, धुळीने भरलेली जाळी किंवा सैल पडलेला सोल्डरचा जोड यांकडे बोट दाखवतो. त्या वेळी आणखी काय चालू होते, वातानुकूलन, पाण्याचा पंप, ऑर्गनचा ब्लोअर, मंद केलेले दिवे, हेही लिहावे. मिक्सरच्या पृष्ठभागाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवल्यास पुढे बरेच वाद वाचतात.

तिसरी पायरी : मार्गाचा नकाशा

एका मोठ्या कागदावर प्रत्येक संकेताचा प्रवास काढावा. ध्वनीचा मार्ग माईक, केबल, वेदीजवळचा जोडखोका, भिंतीतली मल्टिकोर केबल (अनेक माईकांचे संकेत एकत्र नेणारी जाड केबल), मिक्सर, इक्वलायझर (स्वर कमीजास्त करणारे यंत्र) किंवा प्रोसेसर, ॲम्प्लिफायर, स्पीकरची वायर आणि स्पीकर असा असतो. चित्राचा मार्ग संगणकापासून पडद्यापर्यंत आणि दिव्यांचा नियंत्रण फलकापासून प्रत्येक दिव्यापर्यंत काढावा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. एकाच टोकाला लावलेली चिठ्ठी पंधरा मीटर पलीकडे काही सांगत नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे राहून जाते, पण यंत्रणा बसवणारा माणूस गाव सोडून गेल्यावर मंडळीकडे उरणारी खरी मालमत्ता हा नकाशाच असतो.

चौथी पायरी : मार्ग अर्ध्यातून तोडून शोध घ्यावा

नकाशा हाती आला की दोष शोधण्यासाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाण्याची गरज नसते. मध्यावर तपासायचे, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवायचे आणि त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य घ्यायचा. ध्वनीसाठी हा मध्य म्हणजे आवाजाची पातळी दाखवणारा मिक्सरचा मीटर. माईकमध्ये बोलल्यावर मीटर हलत असेल, तर माईक, केबल आणि जोडखोका ठीक आहेत आणि दोष पुढे आहे. हलत नसेल तर दोष मागे आहे. मीटर हलतो पण आवाज नाही, असे असल्यास मिक्सरच्या हेडफोनमध्ये ऐकावे. हेडफोनमध्ये आवाज असेल तर ॲम्प्लिफायरवरचा संकेताचा दिवा पाहावा. तो लुकलुकत असूनही स्पीकर मूक असेल, तर उरतात फक्त स्पीकरची वायर आणि स्पीकर. तीन-चार निरीक्षणांत, काहीही न उघडता, नऊ-दहा दुव्यांच्या साखळीतला दोषी दुवा असा समोर येतो.

या शोधात दोन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदललेली वस्तू निश्चितपणे चांगली असलेल्या वस्तूशीच बदलावी. कपाटातून काढलेली कोणतीही केबल "चांगली" धरली, तर दोन खराब केबल एकमेकींची साक्ष देत बसतात. केबल तपासणारे छोटे यंत्र किंवा साधा मल्टिमीटर (विजेची मापे घेणारे यंत्र) एवढ्यासाठी पुरतो. तीन पिनांच्या एक्सएलआर, म्हणजे माईकच्या नेहमीच्या केबलमध्ये पहिली पिन पहिल्याशी, दुसरी दुसऱ्याशी आणि तिसरी तिसऱ्याशी जोडलेली असावी आणि कोणत्याही दोघी आपसांत जुळलेल्या नसाव्यात. मोजताना केबल जॅकजवळ हलवत राहावी, कारण तार तुटते ती बहुधा तेथेच.

पाचवी पायरी : आवाजाचे दोष, लक्षणांनुसार

यंत्रणेच्या तीन भागांपैकी ध्वनीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. पडदा नसला तरी उपासना होते आणि दिवे मंद असले तरी होते. वचन ऐकू आले नाही तर मात्र लोक नुसते बसून राहतात.

खरखर आणि तुटक आवाज. केबल हलवल्यावर खरखर येत असेल तर जॅक उघडून सोल्डर पाहावा. मिक्सरचा फेडर (आवाज कमीजास्त करण्याची सरकती कळ) सरकवताना येत असेल तर त्याच्या आत धूळ किंवा गंज आहे. फेडरसाठी म्हणून मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. गंजलेले बोल्ट सोडवण्यासाठी मिळणारे तेलकट फवारे येथे मारू नयेत. काही दिवस सारे छान चालते, मग त्या तेलावर धूळ बसून फेडर आधीपेक्षा वाईट होतो. काहीही न हलवता खरखर येत असेल आणि तो कंडेन्सर माईक (चालायला वीज लागणारा प्रकार) असेल, तर त्याला माईकच्या केबलमधूनच मिळणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा नीट पोहोचतो का ते मोजावे. बारीक मानेच्या पुलपिट माईकमध्ये दमट हवेनेही अशी फटफट होते आणि माईक कोरड्या जागी ठेवल्यावर ती थांबते.

सततची घूं. वीज ५० हर्ट्झची असेल तर ५० किंवा १०० हर्ट्झची आणि ६० हर्ट्झची असेल तर ६० किंवा १२० हर्ट्झची ही गुणगुण असते. तिचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली असून ध्वनीच्या केबलने एकमेकांना जोडलेली असणे, उदाहरणार्थ वेदीजवळचा कीबोर्ड एका सॉकेटवर आणि मागच्या टोकाचा मिक्सर दुसऱ्या सर्किटवर. शक्य असल्यास सर्व ध्वनी उपकरणांना एकाच वितरण फलकावरून वीज द्यावी. ते जमत नसेल तर कीबोर्ड, लॅपटॉप आणि गिटार आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्समधून (वाद्याचा संकेत माईकच्या केबलला जुळवून देणाऱ्या छोट्या पेटीतून) घ्यावेत आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका वापरून पाहावा. हा खटका ध्वनीच्या केबलची जाळी सोडवतो, विजेचे अर्थिंग नव्हे. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकणे हा उपाय जुन्या लोकांकडून आजही सुचवला जातो; तो जीवघेणा आहे आणि कोणत्याही परिस्थितीत करू नये. दिवे मंद केल्यावर गुणगुणीचा बारीक बझ होत असेल आणि दिवे अर्ध्यावर असताना तो सर्वांत तीव्र होत असेल, तर दोष डिमरकडून (दिवे मंद करणाऱ्या यंत्राकडून) येतो आहे. अशा वेळी ध्वनीच्या आणि दिव्यांच्या केबल वेगळ्या मार्गाने न्याव्यात आणि एकमेकींना ओलांडायचे असेल तेथे काटकोनात ओलांडाव्यात.

शिट्टी. हाऊलिंग सुरू झाले की यंत्र बिघडले असे समजले जाते, पण बहुधा ते बिघडलेले नसते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. तोंड आणि माईक यांतील अंतर निम्मे केले की सुमारे ६ डेसिबल जास्त आवाज मिळतो आणि तेवढा मिक्सर खाली घेता येतो. उलट उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो. म्हणून गायनवृंदाचे माईक प्रवचनाच्या वेळी बंद असावेत आणि स्पीकर माईकच्या पुढे, मंडळीच्या बाजूला असावेत. आधी न होणारी शिट्टी अचानक होऊ लागली असेल, तर मात्र कुणी स्पीकर हलवला, इक्वलायझर सपाट केला किंवा माईक बदलला का, याची चौकशी करावी.

वायरलेस माईकचे तुटणे. सर्वप्रथम बॅटरी. निकेल प्रकारच्या रिचार्जेबल सेलचा व्होल्टेज १.२ आणि अल्कलाइन सेलचा १.५ असतो, ट्रान्समीटरमध्ये सेलचा प्रकार निवडण्याची सोय असून ती चुकीची लावलेली असेल तर बॅटरीचा निर्देशक खोटे सांगतो. त्यानंतर अँटेना. लोखंडी कपाटात बंद केलेल्या रिसीव्हरला वेदी दिसत नाही. अँटेना आणि वक्ता यांच्यात मोकळी दृष्टिरेषा असावी, मध्ये माणसांची गर्दीही नसावी, कारण शरीर रेडिओ लहरी शोषते. रिकाम्या चर्चमध्ये शनिवारी निर्दोष चालणारा माईक भरलेल्या चर्चमध्ये तुटतो, त्याचे हे एक कारण आहे आणि शेकडो मोबाइल हे दुसरे. शेवटी लहरींचा पट्टा. पूर्वी वायरलेस माईकसाठी वापरले जाणारे पट्टे अनेक देशांनी मोबाइल सेवेला दिले आहेत. अमेरिकेत १३ जुलै २०२० नंतर ६०० मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या बहुतांश भागात असे माईक चालवण्यास मनाई आहे. दुसऱ्या मंडळीने बदलून टाकलेला संच भेट म्हणून स्वीकारण्याआधी तो कोणत्या पट्ट्यावर चालतो आणि तो पट्टा आपल्या देशात वैध आहे का, हे पाहावे. फुकट मिळालेला बेकायदा माईक दुरुस्त करण्यात काही अर्थ नसतो.

दबलेला आवाज. शब्द ऐकू येतात पण व्यंजने कळत नाहीत, अशी ज्येष्ठांची तक्रार वाढली असेल, तर त्यांच्या कानांना दोष देण्याआधी शिडी लावून प्रत्येक स्पीकरच्या उच्च स्वरांच्या ड्रायव्हरजवळ (पेटीतल्या आवाज काढणाऱ्या भागाजवळ) कान न्यावा. तो जळालेला असला तरी खालचा मोठा ड्रायव्हर वाजतच राहतो आणि मिक्सरवर बसलेल्याला काही लक्षात येत नाही. वीज बंद करून आणि वायर सोडवून मल्टिमीटरने मोजल्यास ८ ओहमचा ड्रायव्हर साधारण ५.५ ते ७ ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. मात्र हे माप ड्रायव्हरच्या स्वतःच्या टोकांवर घ्यावे, कारण पेटीच्या मागच्या टोकांवर मोजल्यास मधल्या क्रॉसओव्हरमधील (उच्च आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या भागातील) कपॅसिटरमुळे उच्च स्वरांचा ड्रायव्हर दिसतच नाही. मोठ्या ड्रायव्हरच्या कडेची फोमची चकती बोटाने हलकेच दाबून पाहावी. वयाबरोबर ती भुसभुशीत होते आणि ती तेवढीच बदलता येते, सबंध स्पीकर नव्हे.

खांबांवर बरेच लहान स्पीकर एकाच जोडीवर लावलेले असतील, तर ती बहुधा ७० किंवा १०० व्होल्टची लाइन असते. तेथे वरचे ओहमचे गणित चालत नाही. प्रत्येक स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरवर किती वॉटचा टॅप (शक्तीचा टप्पा) निवडला आहे, त्याची बेरीज करावी आणि ती ॲम्प्लिफायरच्या क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांच्या आत ठेवावी. मधल्या काळात कुणीतरी ट्रान्सफॉर्मर नसलेला घरगुती स्पीकर त्याच लाइनला जोडून ठेवला असेल, तर ॲम्प्लिफायर वारंवार प्रोटेक्टमध्ये (धोका ओळखून आपोआप आवाज तोडण्याच्या स्थितीत) जाण्याचे कारण तेथेच सापडेल. अशा लाइनवर यंत्रणा चालू असताना उघड्या तारेला हात लावू नये.

ॲम्प्लिफायरचा प्रोटेक्टचा दिवा लागल्यास स्पीकरच्या सर्व वायर सोडवून तो पुन्हा सुरू करावा. दिवा विझला तर दोष बाहेर, वायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये आहे. न विझल्यास यंत्र तंत्रज्ञाकडे द्यावे आणि स्वतः उघडू नये, कारण वीज काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. सुरू करताना मिक्सर आधी आणि ॲम्प्लिफायर शेवटी, बंद करताना ॲम्प्लिफायर आधी, हा क्रम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा. उलट क्रमाने येणारा "धाप्प" असा आवाज स्पीकरचे आयुष्य खातो.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी जमिनीतून फिरवलेली इंडक्शन लूप (आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवणारे तारेचे वेटोळे) तुमच्या चर्चमध्ये असेल, तर तीही तपासावी. ती बंद पडल्याचे ध्वनी सांभाळणाऱ्यांना कळतच नाही, कारण त्यांच्यापैकी कुणाच्याही कानात श्रवणयंत्र नसते, आणि ज्यांना कळते ते तक्रार न करता मागच्या बाकावर सरकतात. फरशी किंवा गालिच्याच्या कामात लूपची तार तुटणे हे नेहमीचे कारण आहे. तपासणीसाठी हातातला लूप रिसीव्हर मिळतो. तो घेऊन सर्व बाकांमधून एकदा चालावे.

सहावी पायरी : चित्र

प्रोजेक्टर अंधूक झाला की तो संपला असे मानण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : हवेची जाळी, भिंगावरची धूळ आणि दिव्याचे तास. दिवा असलेल्या प्रोजेक्टरमध्ये दिव्याचे आयुष्य साधारण २,००० ते ४,००० तास सांगितले जाते, आणि तो आकडा दिव्याची चमक निम्म्यावर येईपर्यंतचा असतो. लेझर प्रोजेक्टरसाठी तोच आकडा बहुधा २०,००० तासांचा असतो. धूप जाळल्या जाणाऱ्या चर्चमध्ये जाळीवर चिकट थर बसतो आणि तो नुसत्या झटकण्याने निघत नाही, म्हणून तेथे सफाई जास्त वेळा करावी. दिवा फुटल्यास खोली रिकामी करून खिडक्या उघडाव्यात, कारण त्यात पारा असतो. डीएलपी प्रोजेक्टरच्या चित्रात पांढरे ठिपके वाढत जात असतील तर त्याच्या चिपवरचे सूक्ष्म आरसे निकामी होत आहेत, आणि एलसीडी प्रोजेक्टरमध्ये पिवळट डाग पसरत असतील तर आतले ध्रुवक किंवा पॅनेल उष्णतेने खराब झाले आहेत. या दोन्ही बाबतींत दुरुस्तीचा नाद सोडलेला बरा.

चित्र मध्येच काळे होऊन परत येणे हा मात्र बहुतेक वेळा प्रोजेक्टरचा दोष नसतो. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर १० ते १५ मीटरच्या पुढे भरवसा ठेवता येत नाही, आणि डिजिटल संकेताचा स्वभाव असा की तो शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ दिसतो, मग काही ठिणग्यांसारखे ठिपके येतात आणि लगेच सारे जाते. पूर्वीच्या व्हिडिओसारखी हळूहळू धूसर होण्याची सूचना तो देत नाही. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ नेऊन दोन मीटरच्या केबलने जोडावा. दोष गेला तर मधली केबल बदलावी. लांब अंतरासाठी १०० मीटरपर्यंत नेटवर्कच्या केबलवरून चित्र नेणारी एचडीबेसटी जोडी किंवा ऑप्टिकल एचडीएमआय केबल वापरता येते. ऑप्टिकल केबलला दिशा असते. ती उलटी ओढून भिंत बंद केल्याचे उद्योग बऱ्याच ठिकाणी झालेले आहेत. कॅमेऱ्यांसाठी एसडीआय केबल अधिक भरवशाची, कारण तिचा जॅक फिरवून कुलूपबंद होतो आणि कुणाचा पाय अडकला तरी निसटत नाही. लॅपटॉप बदलल्यावरच चित्र येत नसेल, तर केबलला दोष न देता पुढील क्रम पाळावा : प्रोजेक्टर सुरू, मग मधला स्विचर (कोणते चित्र पुढे जावे ते निवडणारे यंत्र), मग लॅपटॉप, म्हणजे दोघांची रिझोल्युशनची ओळख नीट पटते.

थेट प्रक्षेपणात ओठ आणि आवाज जुळत नसतील तर कॅमेरा आणि स्विचर चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतात आणि आवाज पुढे निघून जातो. मिक्सरवर किंवा प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाला तेवढा विलंब द्यावा. टाळी वाजवून हे काही मिनिटांत जुळवता येते. प्रक्षेपण अडखळत असेल तर संगणक वायफायवरून काढून केबलवर घ्यावा.

सातवी पायरी : दिवे

येथे सुरक्षितता आधी आणि प्रकाश नंतर. डोक्यावर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला आणि स्पीकरला मुख्य क्लॅम्पखेरीज पोलादी सुरक्षा दोर असावा. शिडीवर एकट्याने चढू नये, दिव्याची वीज फलकावरून तोडलेली असावी आणि फलकावर तशी पाटी लावलेली असावी. हॅलोजनचा नवा दिवा उघड्या बोटांनी धरू नये. काचेवर राहिलेला तेलकट ठसा तापून तेथेच दिवा फुटू शकतो.

आधुनिक दिवे लुकलुकत असतील तर आधी नियंत्रणाची केबल पाहावी. डीएमएक्स ५१२ ही दिव्यांना आज्ञा पाठवण्याची पद्धत १९८६ पासून वापरात आहे आणि तिचे नियम साधे आहेत : दिवे एकापुढे एक साखळीने जोडायचे, मध्ये इंग्रजी Y आकाराची फांदी काढायची नाही, एका साखळीवर ३२ पेक्षा जास्त उपकरणे नकोत, आणि शेवटच्या दिव्यावर दुसऱ्या व तिसऱ्या पिनांमध्ये १२० ओहमचा टर्मिनेटर (संकेत मागे परतू न देणारा रोध) लावायचा. चर्चमध्ये यांतला शेवटचा नियम सर्रास मोडलेला असतो आणि दुसऱ्या क्रमांकाचा दोष म्हणजे माईकची केबल डीएमएक्ससाठी वापरणे. जॅक बसतो, दिवेही काही काळ चालतात, पण त्या केबलची जडणघडण वेगळी असल्याने संकेत मागे परततो आणि दिवे मनास येईल तसे वागू लागतात. साखळीतला एक-एक दिवा वगळत गेल्यास, म्हणजे पुन्हा अर्ध्यातून तोडत गेल्यास, गडबड करणारा दिवा सापडतो.

एलईडी दिवे जुन्या डिमरवर चालवू नयेत, त्यांना कायम पूर्ण वीज द्यावी आणि मंद करणे नियंत्रणावरून करावे. एलईडी दिवा मेला तर बहुधा त्याचा वीजपुरवठा किंवा पंखा मेलेला असतो, मणी नव्हे, आणि तो भाग बदलता येतो. कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसत असतील तर ५० हर्ट्झच्या विजेवर शटर १/५० आणि ६० हर्ट्झवर १/६० करून पाहावे.

आठवी पायरी : वीज आणि वास्तू

एकाच वर्षात वेगवेगळी यंत्रे मरत असतील तर यंत्रे बदलत बसण्याऐवजी वीज तपासावी. सैल न्यूट्रल, चढउतार करणारा व्होल्टेज आणि एकात एक खोचलेली एक्स्टेंशन बोर्डे ही नेहमीची कारणे आहेत. उंच मनोऱ्यामुळे चर्चवर वीज पडण्याची शक्यता आजूबाजूच्या इमारतींपेक्षा जास्त असते. तडितवाहक (आकाशातली वीज जमिनीत नेणारी पट्टी) आणि मुख्य फलकावरील सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजची अचानक येणारी लाट अडवणारे साधन) दोन्ही असावेत. वादळात प्लग काढला तरी नेटवर्कची केबल किंवा मनोऱ्यावरच्या स्पीकरची वायर जोडलेली राहिली, तर लाट तेथून आत येते. डिजिटल मिक्सर आणि संगणक यूपीएसवर असावेत, कारण क्षणभर वीज गेली तरी ते पुन्हा उभे राहायला वेळ घेतात. मिक्सरच्या सेटिंगची प्रत यूएसबीवर घेऊन ती इमारतीबाहेर ठेवावी. कपॅसिटरचे आयुष्य तापमानात दर १० अंशांच्या घटीला साधारण दुप्पट होते, म्हणून यंत्रांच्या कपाटाला हवेशीर जागा देणे ही सर्वांत स्वस्त देखभाल आहे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरींसाठी भिंतीतल्या नळ्यांची तोंडे बुजवावीत.

नववी पायरी : दुरुस्ती की नवे

दोष सापडल्यावर पंच मंडळापुढे कागद ठेवताना तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : सुटा भाग अजून मिळतो का, तो दुरुस्त करणारा माणूस आहे का, आणि हेच यंत्र पुन्हा बिघडले तर काय थांबते. ज्या यंत्राच्या मरणाने संपूर्ण आवाज थांबतो आणि ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत, ते चालू असतानाच बदलण्याची तयारी करावी. सारे एकदम बदलण्याइतका निधी क्वचितच असतो. अशा वेळी माझा क्रम असा राहील : अर्थिंग आणि वीज, टांगलेल्या वस्तूंची सुरक्षा, केबल व जॅक, माईक, स्पीकर, मग मिक्सर, आणि सर्वांत शेवटी पडदा व रंगीत दिवे. मिक्सरवर नवे पैसे घालून त्याला जुन्या फाटक्या स्पीकरांशी जोडण्याने मागच्या बाकावर काहीच फरक पडत नाही. नव्या यंत्रांची पहिली चाचणी सणाच्या आठवड्यात घेऊ नये. साधी उपासना निवडावी आणि जुने यंत्र एक-दोन महिने जोडता येईल अशा स्थितीत ठेवावे. सॉफ्टवेअरचे अपडेट शनिवारी रात्री करू नये, सोमवारी करावे.

सुट्या सामानाच्या पेटीत निदान दोन तपासलेल्या माईक केबल, एक वायरचा माईक, बॅटरी, फ्यूज, डीआय बॉक्स, डीएमएक्सचा टर्मिनेटर, एक छोटी एचडीएमआय केबल आणि मल्टिमीटर असावा. पेटीतून काढलेली वस्तू त्याच दिवशी परत किंवा नवी ठेवण्याची जबाबदारी एका नावावर असावी. प्रोजेक्टरचे जुने दिवे आणि संपलेल्या बॅटऱ्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्याव्यात. निकामी ठरलेल्या केबलचे दोन्ही जॅक तेथल्या तेथे कापून टाकावेत, नाहीतर गाठ मारून बाजूला ठेवलेली ती केबल कुणीतरी भला स्वयंसेवक गाठ सोडवून पुन्हा पेटीत ठेवतो.